निवडणूक आम्ही लढवली, समिती मात्र भलत्यांच्या हातात : प्रदेशाध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
मा. प्रदेशाध्यक्ष आणि कोअर कमिटीचे सर्व सदस्य,
पणजी, गोवा.

अध्यक्ष साहेब, नमस्कार.

हे पत्र मी आधी मंडळ अध्यक्षांच्या हातात दिलं होतं. "वर पाठवतो" म्हणाले. ते वर गेलंच नाही असं मला ऑफिसातल्याच एकानं सांगितलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. पक्षाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही, मला पक्षाची बदनामी करायची नाहीये, मला तो माझा वाटतो म्हणून तर एवढं लिहायला बसले. आणि दुसऱ्या पक्षातले कोणी हे वाचून खूश होत असतील तर त्यांनी आधी आपल्या मंडळ समितीची यादी काढून बघावी.

मी बार्देसातल्या एका गावातली. शिवणकाम करते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्याच एका शाळेत शिकले, म्हणून हे चार शब्द लिहिता येतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. पक्षाचं काम त्याच्यामुळे सुरू झालं, तो गेल्यावर मी सोडलं नाही. बूथची यादी, कुणाचं नाव कटलं, कुणाचा पत्ता बदलला, कोण दुबईला आहे आणि कोण पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेलाय, हे आमच्या वाड्यावरचं मला विचारा.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण उद्या ही बाई नास्तिक आहे म्हणून मोकळे व्हाल. मी एकादशी करते. श्रावणातल्या भजनी सप्ताहाला रात्रीच्या पाराला बसते. चवथीला गणपतीवर बांधायची फळा-पानांची माटोळी आमच्या घरी अजून सगळी रानातून आणून बांधतात, बाजारातून विकत आणत नाहीत. माझा भाऊ शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत करणारा भक्त आहे, व्रताच्या दिवसांत त्याचं सोवळं मी सांभाळलंय. तेव्हा देवधर्म मला कोणी शिकवू नये. मला तक्रार देवाबद्दल नाही, धर्माबद्दल नाही, धार्मिक संस्थेत काम करणाऱ्यांबद्दलसुद्धा नाही, त्यातले कितीतरी लोक रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्स घेऊन येणारे आहेत. तक्रार ही आहे की निवडणूक झाल्यावर तुम्ही पक्षाच्या चाव्या अशा चारपाच माणसांच्या हातात दिल्या ज्यांना राजकारण म्हणजे दुसऱ्यांनी कसं वागायचं ते ठरवणं एवढंच वाटतं, आणि त्याबद्दल आम्हा कार्यकर्त्यांना कोणी विचारलंही नाही.

डिसेंबरातली झेडपीची निवडणूक आठवा. आमच्या मतदारसंघात घरोघर कोण फिरलं? मी आणि माझी जोडीदारीण, ती ख्रिश्चन, आमच्या बूथवर माझ्याआधीपासून आहे. हिंदू वाड्यावर मी बोलायचे, ख्रिश्चन वाड्यावर ती बोलायची, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत उलटंच व्हायचं, कारण तिच्या वाड्यावरच्या पोरींचे युनिफॉर्म मी शिवलेत आणि आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे फॉर्म तिनं भरलेत. आमच्या हातात तुमचं पत्रक होतं. त्यावर तीन गोष्टी होत्या : वरच्या वाड्याला रोज नळाचं पाणी, मासळीवाल्यांच्या बाजाराला शेड, आणि शाळेजवळच्या उतारावर रस्त्याला गटार. देवळाचं नाव नव्हतं, चर्चचं नव्हतं, संस्कृतीचं नव्हतं. लोकांनी त्या तीन गोष्टी वाचून मतं दिली. एका घरात तर म्हातारीनं पत्रक देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवून दिलं, म्हणाली पाणी आलं नाही तर हेच घेऊन तुझ्याकडे येईन. ती येणार, मला माहीत आहे, आणि तिला काय सांगू ते तुम्ही मला सांगा.

निकाल लागला, फटाके झाले, आणि पंधरवड्याच्या आत मंडळ समिती बदलली.

बैठक पक्षाच्या ऑफिसात न होता देवस्थानच्या सभागृहात झाली, तेही आम्हाला आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळलं. यादी आधीच टाइप करून आणली होती. वाचून दाखवली, "कोणाला काही हरकत?" असं विचारलं आणि हरकतीला वेळ न देता टाळ्या वाजवल्या. त्या यादीत अर्धी माणसं एका धार्मिक संघटनेची. ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण प्रचारात त्यांना कोणी पाहिलं नाही, मतदानाच्या दिवशी बूथबाहेरच्या टेबलावर ती नव्हती, काहीजण तर पक्षाचे प्राथमिक सदस्यसुद्धा नव्हते, तिथेच फॉर्म भरून घेतला. माझ्या जोडीदारणीला समितीतून काढून "निमंत्रित" केलं. निमंत्रित म्हणजे बोलावलं तर यायचं. लाउडस्पीकरची गाडी चालवणारा मुसलमान पोरगा, ज्यानं महिनाभर स्वतःचं पेट्रोल घातलं, त्याचं नाव कुठेच नाही. मी उभी राहून विचारलं की हिला कशासाठी काढली, तर उत्तर आलं, "काढलं नाही काकी, आता जरा विचारांची माणसं पुढे आणायची आहेत." आणि ती तिथेच बसली होती, दुसऱ्या ओळीत, पर्स मांडीवर घेऊन. ती काही बोलली नाही. सभा संपल्यावर खुर्च्या आम्ही दोघींनीच उचलल्या, कारण नव्या समितीतलं कोणी थांबलं नव्हतं.

त्या बैठकीचं इतिवृत्त मी मागितलं. अजून मिळालेलं नाही.

आता हळदीकुंकवाचं सांगते, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण ते माझ्या आणि माझ्यासारख्या बायकांच्या जिव्हारी लागलंय.

दर वर्षी संक्रांतीनंतर आमच्या महिला समितीचा कार्यक्रम असतो पंचायत हॉलमध्ये. नाव हळदीकुंकू, पण येतात सगळ्या. ख्रिश्चन बायका येतात, तिळगूळ घेतात, त्यांच्यातल्या कोणी कुंकू लावून घेतलं तर लावतो नाहीतर नुसतं फूल देतो, कोणी कधी अडून बसलं नाही. विधवा येतात. ही पद्धत माझ्या आधीच्या अध्यक्षीणबाईंनी पाडली, त्या स्वतः सवाष्ण होत्या आणि तरी त्यांनी सुरुवातच विधवांना वाण देऊन केली होती, त्या दिवशी हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली आणि पुढच्या वर्षीपासून तीही बंद झाली. ह्या वर्षी निमंत्रणाचा मेसेज आला त्यात वर मोठ्या अक्षरात "फक्त सुवासिनी भगिनींसाठी". मी फोन केला तर सांगितलं, तुम्ही या ना काकी, व्यवस्थेला तुम्ही हव्यातच.

व्यवस्थेला मी गेले. दारातल्या टेबलावर नावं लिहून घ्यायला बसवलं. आमच्या बूथवरच्या तिघी विधवा आल्या, कारण मेसेजचा अर्थ त्यांना कळला नव्हता किंवा त्यांना वाटलं दरवर्षीसारखंच असणार. मी त्यांची नावं वहीत लिहिली. आत गेल्या तर समितीतली एक नवीन मुलगी, वयानं माझ्या मुलीएवढी, त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "आजी तुम्ही फराळाचं घेऊन जा हं, वाण नको, शास्त्राला धरून करायचं ठरलंय." वाण काय होतं? स्टीलची छोटी वाटी, आणि तिच्या बुडाला निवडून आलेल्या आमच्या झेडपी मेंबरच्या फोटोचा गोल स्टिकर. त्यातली एक आजी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते, मतदानाच्या दिवशी पाय सुजलेला असताना रिक्षानं येऊन मत देऊन गेली होती, रिक्षाचे पैसेही तिनं घेतले नाहीत. तिच्या मतानं निवडून आलेल्या माणसाचा फोटो लावलेली वाटी तिला द्यायला तुमचं शास्त्र आडवं आलं.

अध्यक्ष साहेब, तुम्ही कायदा शिकलेले आहात असं ऐकते. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी तिची. माझा नवरा वारला तेव्हा इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसा वाटणीच्या कागदांत घराचा अर्धा हिस्सा माझा आहे असं कोर्टानंच लिहिलं, दिरानं एक शब्द काढला नाही कारण काढता येतच नव्हता. सगळा देश ह्या कायद्याचं कौतुक करतो, तुम्हीही भाषणात करता. कायदा विधवेला घराची अर्धी मालकीण मानतो आणि तुमची महिला समिती तिला एक वाटी देत नाही. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं, आणि लगेच त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका खेड्यातली पंचायत एवढं करते. आपण, शशिकलाताई काकोडकर १९७३ साली जिथं मुख्यमंत्री झाल्या त्या गोव्यातले लोक, उलट्या दिशेला चाललोय, आणि तेही पक्षाचा बॅनर मागे लावून.

कोणी घरी आपल्या पद्धतीनं हळदीकुंकू करावं, त्यात मी पडणार नाही. पण पक्षाचा कार्यक्रम, पंचायतीचा हॉल, वर्गणीतला खर्च आणि मेंबरचा फोटो, ह्या चार गोष्टी एकत्र आल्या की तो कोणाचा घरगुती सण राहत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते.

मासळी बाजाराची शेड. पत्रकातली दुसरी गोष्ट. नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत असं ठरलं की बाजार देवळाच्या वाटेवर आहे, तिथं पक्कं बांधकाम झालं तर तो कायमचा होईल, म्हणून शेड नको, त्याऐवजी फाट्यावर स्वागत कमान. अहो, त्या बाजारात बसणाऱ्या निम्म्या बायका त्याच देवळाच्या पालखीला ओटी भरणाऱ्या खारवी बायका आहेत, आणि देवाला त्यांची टोपली आजपर्यंत कधी आडवी आली नाही. पावसाळ्यात त्या डोक्यावर प्लास्टिक धरून बसतात. कमानीखाली किती जणी मावतील ते मोजून सांगा.

जत्रेतली दुकानं. कोणत्या धर्माच्या माणसाला दुकान लावू द्यायचं आणि कोणाला नाही, असं एक पत्र पंचायतीला गेलं, ते पक्षाच्या लेटरहेडवर. देवस्थान समितीला जे म्हणायचं ते ती म्हणेल, तिचे महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार सभासद आहेत, तिचा कायदा १९३३ पासूनचा वेगळा आहे, मामलेदार आहे वर. पक्षाचा लेटरहेड तिथं कशाला? काकणंवाला, खेळणीवाला, बर्फाचे गोळे विकणारा, ही माणसं आमच्या गावच्या जत्रेला त्यांच्या बापाच्या वेळेपासून येतात आणि त्यांतले काही मतदारही आहेत आपले.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप. २०२४ च्या ऑक्टोबरात संघाचे गोव्याचे माजी प्रमुख सुभाष वेलिंगकरांनी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा म्हणून विधान केलं, मडगावात लोक रस्त्यावर आले, पोलीस केस झाली, तेव्हा आपल्या वरिष्ठांनी ग्रुपवर लिहिलं होतं की ह्या विषयावर कोणी काही टाकू नये, जुन्या गोव्यात त्याच अवशेषांचं शवदर्शन नोव्हेंबरात सुरू होतंय, शांतता ठेवा. बरोबर लिहिलं होतं. आता तेच मेसेज, तीच भाषा, समितीचे पदाधिकारी स्वतः टाकतात आणि ग्रुपवर माझी जोडीदारीण आहे, तिचा मुलगा आहे. २०२३ च्या सप्टेंबरात दाबोळीच्या एका शाळेतली मुलं मशीद बघायला नेली म्हणून मुख्याध्यापकांना निलंबित व्हावं लागलं होतं, ती बातमी आमच्या ग्रुपवर परवा कोणीतरी "असं पाहिजे" म्हणून परत टाकली. मुलं दुसऱ्याचं प्रार्थनास्थळ बघून आली ह्यात शिक्षा करण्यासारखं काय होतं हे मला अजून कळलेलं नाही. आम्ही शाळेत असताना म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या फेस्ताला आई आम्हाला स्वतः घेऊन जायची, तेल घालायची. लईराई आणि सायबीण बहिणी, लईराईकडून मोगरा जातो आणि सायबिणीकडून तेल येतं, हे आम्हाला कोणत्या पक्षानं शिकवलं नाही. शिवोलीच्या जागरात हिंदू-ख्रिश्चन दोघं मिळून नाचतात. आमच्या वाड्याच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) लदीन, म्हणजे ख्रिश्चनांची प्रार्थना असते तेव्हा चणे उकडायला मोठा टोप आमच्या घरचा जातो. हा सगळा गोवा एका रात्रीत परका करून टाकायला तुम्हाला कोणी सांगितलं?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिश्चन आणि ८ टक्क्यांच्या वर मुसलमान. म्हणजे दर तीन माणसांतला एक माणूस तुमच्या नव्या समितीच्या हिशेबात नाही. आणि जे दोघं उरले त्यांतल्या विधवा काढा, मासळी विकणाऱ्या काढा, कार्निव्हलला जाणारी पोरं काढा, कारण त्यांनाही आता समज दिली जाते, मग राहिलं कोण?

माझ्याशी जे खाजगीत बोलले त्या वरिष्ठांचं म्हणणं मला माहीत आहे. ते म्हणतात, काकी, ह्या लोकांकडे संघटन आहे, त्यांना दुखावलं तर २०२७ ला ते बाहेर पडतील, वेगळी चूल मांडतील, आपले उमेदवार पाडतील. ह्या भीतीला अगदीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ साली शाळेतल्या शिक्षणाच्या माध्यमाच्या प्रश्नावर संघाचे गोव्याचे प्रमुख वेलिंगकर यांना पदावरून काढलं, त्यांनी गोवा सुरक्षा मंच काढला, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आणि शिवसेनेबरोबर युती केली, आणि २०१७ ला भाजप २१ वरून १३ वर आला. त्या आंदोलनातला मातृभाषेतल्या शाळेचा मुद्दा मला स्वतःला पटणारा होता, मी मराठी शाळेतली आहे. पण त्याच निवडणुकीत मंचाला किती जागा मिळाल्या? एकही नाही. लोकांनी मतं फिरवली ती वेगवेगळ्या कारणांनी फिरवली, पण कोणी आम्हीच खरे धर्माचे-भाषेचे रखवालदार म्हणून उभं राहिलं आणि लोकांनी त्यांच्या हातात चाव्या दिल्या असं झालं नाही. तेव्हा घाबरून घरातली सगळी भांडी त्यांच्या ताब्यात देण्याएवढं काही झालेलं नाही.

आणि रेघ ओढता येते हो, ओढणारा पाहिजे. २०१४ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं श्रीराम सेनेच्या प्रमोद मुतालिकांना गोव्यात यायला बंदी घातली. ते कोर्टात गेले, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, बंदी टिकली. पर्रीकर काही कमी हिंदू होते का? त्यांच्या बाकीच्या कितीतरी गोष्टी मला पटल्या नव्हत्या, पण गोव्यात कोणत्या प्रकारचं काम चालू द्यायचं नाही ते त्यांना कळत होतं आणि त्याप्रमाणे कागदावर सही करायची तयारी होती. त्याच्याही मागे जायचं तर, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही ह्यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा दोन बाजूंना वाटला गेला होता, फक्त ३४ हजार मतांचा फरक, आणि दोन्ही बाजूंना धर्माचा रंग होताच. माझे वडील विलीनीकरणवाले, शेजारचे सगळे विरोधात. तरी त्यानंतर १९७५ ला मुंडकारांसाठी, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठी कायदा आला तेव्हा मगोच्या सरकारनं मुंडकार हिंदू की ख्रिश्चन असं त्यात लिहिलं नाही. शेजारच्या ख्रिश्चन मुंडकारालाही घराचं संरक्षण मिळालं आणि आम्हालाही. मत कोणाला दिलं होतं तेही कोणी विचारलं नाही.

देवाला राजकारणात आणलं की काय होतं तेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात जाऊन शपथा घेतल्या की पक्ष सोडणार नाही. सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार गेले, आणि त्यांतले एक माजी मुख्यमंत्री म्हणाले की देवाला विचारूनच गेलो. त्या दिवशी आपण ऑफिसात बसून त्यांना नावं ठेवली होती. आज आपल्या समितीत जे चाललंय ते त्याच जातीचं आहे, देवाचं नाव पुढे आणि हिशेब मागे.

कायद्याचंही बघा. लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम २९अ खाली नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत लिहून द्यावं लागतं की आम्ही समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही मानतो. आपल्याही घटनेत ते आहे, मी वाचलंय. कलम १२३ प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचार, आणि २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं, चार विरुद्ध तीन असा का होईना, निकाल दिला की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. पुढच्या विधानसभेला कोणी आपल्या समितीचे हे मेसेज गोळा करून कोर्टात ठेवले तर निवडून आलेला उमेदवारसुद्धा घरी जाईल. तेव्हा नुसतं माझं दुखणं म्हणून हे वाचू नका.

आता मागण्या. साध्या आहेत, पैसे लागत नाहीत.

१. देवस्थानच्या सभागृहात वाचलेली मंडळ समितीची यादी रद्द करा. नवी समिती पक्षाच्या ऑफिसात, सात दिवस आधी लेखी नोटीस देऊन, बूथ कार्यकर्त्यांच्या मतानं निवडा. निवडणुकीआधी वर्षभर प्राथमिक सदस्य नसलेल्याला पद नको.

२. माझ्या जोडीदारणीला आणि त्या गाडीवाल्या पोराला त्यांच्या जागा परत द्या, आणि कोणत्या कारणानं काढलं ते समितीनं त्यांना तोंडावर सांगावं. मला सांगून उपयोग नाही.

३. देवस्थान समितीचं किंवा धार्मिक संघटनेचं पद आणि पक्षाचं पद एकाच माणसाकडे एकाच वेळी नको. दोन्हीतलं एक निवडायला त्याला महिना द्या. भक्ती करायला, सप्ताहाला, पालखीला कोणी आडवं येत नाही.

४. पक्षाच्या नावानं होणारा महिलांचा कोणताही कार्यक्रम सगळ्या बायकांसाठी असेल असं लेखी परिपत्रक काढा. त्यात "विधवा" हा शब्द स्पष्ट लिहा, नाहीतर खाली पोचेपर्यंत पळवाट निघते. आणि त्या तीन आजींच्या घरी झेडपी मेंबरनं स्वतः जावं. वाटी घेऊन जाऊ नये, नुसतं जावं आणि बोलावं.

५. मासळी बाजाराची शेड झेडपीच्या कामांच्या यादीत परत घाला. कमानीचं नंतर बघू. वरच्या वाड्याच्या पाण्याचं काय झालं तेही सांगा.

६. जत्रेतल्या दुकानांबद्दलचं ते पत्र पक्षानं मागे घ्यावं, आणि मागे घेतल्याचं पंचायतीला कळवावं. तोंडी नको.

७. २०२७ च्या उमेदवारीसाठी कोणत्याही धार्मिक संघटनेचा, देवळाचा, चर्चचा, मशिदीचा होकार मागितला जाणार नाही असं कोअर कमिटीनं जाहीर करावं. चर्चचा म्हणून मी मुद्दाम लिहिलंय, कारण हा नियम एकाच बाजूनं लावला तर त्याला अर्थ नाही.

ह्यावर उत्तर शिगम्याच्या आधी द्या. पक्षाच्या लेटरहेडवर, सहीनिशी, व्हॉट्सॲपवर नको. मी राजीनामा देत नाहीये, तसं कोणी पसरवत असेल तर ते खोटं आहे. मतदार यादीचं काम चालूच ठेवणार आहे, आमच्या बूथवर चार नवी नावं घालायची आहेत आणि दोन वारलेल्यांची काढायची आहेत. नव्या समितीतल्या कोणाला त्यात मदत करायची असेल तर सकाळी दहानंतर मी घरी असते.

आपली,
बूथ कार्यकर्ती, बार्देस